तोंड एका बाजूला ओढलं गेलं: लकवा, वारं की सातवी नस?

अमळनेरकर

राम राम मंडळी.

गेल्या आठवड्यात माझ्या मोठ्या काकांचं तोंड एका रात्रीत उजवीकडे ओढलं गेलं. डावा डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी डाव्या कोपऱ्यातून गळायचं. वय ५८, साखरेचा जुना त्रास. घरात लगेच तीन मतं झाली. आजी म्हणाली, वारं लागलं, कान बांधा. शेजारच्या आबांनी लकवा ठरवून टाकला आणि त्याचं औषध कुठल्या गावी मिळतं तेही सांगितलं. आम्ही तडक दवाखान्यात गेलो. तपासणी होऊन 'सातव्या नसेला सूज' असं निदान झालं आणि गोळ्या सुरू झाल्या. त्यामुळे उपचार विचारायला हा धागा काढलेला नाही.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी काकांना कपाळाला आठ्या पाडायला लावल्या. डाव्या बाजूला एकही आठी पडली नाही, तर त्यांच्या चेहऱ्यावर काळजी वाढण्याऐवजी कमी झालेली दिसली. मग जेवणाची चव बदलली का, डाव्या कानाला भांड्यांचा आवाज जास्त टोचतो का, डोळा कोरडा पडतो का, कानामागे दुखतं का, असे प्रश्न. काकांनी चव आणि आवाज दोन्हींना 'हो' म्हटलं.

तोंड वाकडं होण्याचा चवीशी आणि कानाशी काय संबंध? आणि कपाळ हललं नाही तर बरं कसं? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

गिरणामाई

दादा, काकास्ले सांगा, घाबरू नका. मना मामाले बी आस्संच व्हयेल व्हतं, आते बठ्ठं चांगलं शे.

केळीबाग_रावेर

आमच्याकडे केळीच्या गाड्या पहाटे भरतात. जानेवारीत उघड्या टपावर बसून जाणारा प्रत्येक मजूर कान-तोंड बांधून घेतो, याच भीतीने.

माझ्या चुलतभावाला हे झालं तेव्हा घरच्यांनी त्याला बाहेरगावी लकव्याच्या औषधाला नेलं. पथ्य पाळलं, धागा बांधला. तोंड दोन-तीन महिन्यांत बरंचसं जागेवर आलं, म्हणून औषधाचं नाव झालं. पण त्या काळात डोळा रात्रंदिवस उघडा राहिला आणि बुबुळावर जखम होऊन पांढरा डाग पडला. त्या डोळ्याने आजही नीट दिसत नाही. तोंडाकडे सगळ्यांचं लक्ष होतं, डोळ्याकडे कोणाचंच नव्हतं. काकांच्या डोळ्याचं काय सांगितलंय?

अमळनेरकर

दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणी कागदी पट्टीने बंद करायची. बाहेर पडताना गॉगल.

अनेर_काठ

मी चोपडा भागात वैद्यकीय अधिकारी आहे. प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. त्यातली सातवी चेहऱ्याची. ती मेंदूच्या देठातून निघते आणि ऐकण्याच्या आठव्या नसेबरोबर कानाच्या हाडात शिरते. तिथून पुढे सुमारे ३ सेंटिमीटर ती हाडातल्या बोगद्यातून जाते. हा बोगदा सर्वात अरुंद जागी एक मिलिमीटरही रुंद नाही. नसेला सूज आली तर फुगायला जागा नाही. हाड मागे हटत नाही, त्यामुळे नस स्वतःच आवळली जाते आणि काम थांबवते. या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात. सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने चेहऱ्याच्या नसांचं काम १८२१ मध्ये मांडलं, त्यांचं नाव.

या बोगद्यातच नसेला फांद्या फुटतात. पहिली डोळ्याचं पाणी तयार करणाऱ्या ग्रंथीकडे. दुसरी कानातल्या एका इवल्याशा स्नायूकडे, जो शरीरातला सगळ्यात लहान स्नायू आहे. मोठा आवाज आला की तो कानातलं रिकीब हाड आवरून धरतो. त्याने काम सोडलं की ताटावर वाटी आपटली तरी कान किटतात. तिसरी फांदी कानाच्या पडद्यामागून जाऊन जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव आणते, आणि जबड्याखालच्या व जिभेखालच्या लाळग्रंथींना कामाला लावते. एवढं वाटून झाल्यावर नस कानामागच्या छिद्रातून बाहेर पडते, गालातल्या लाळग्रंथीत शिरते आणि पाच फांद्यांनी कपाळ, पापण्या, गाल, ओठ आणि मान यांच्यावर पसरते. त्या गालातल्या ग्रंथीची लाळ मात्र नवव्या नसेकडे. सातवी तिच्या पोटातून जाते, पण तिला हात लावत नाही!

काकांना चव आणि आवाज दोन्हींचा त्रास आहे, म्हणजे दाब त्या फांद्या फुटायच्या आधीच कुठेतरी, हाडाच्या आत आहे. डॉक्टर ते प्रश्न विचारून जागा शोधत होते.

कपाळाचं रात्री लिहितो. बाहेर रांग आहे.

केळीबाग_रावेर

म्हणजे ठिबकसारखं झालं डॉक्टरसाहेब. कोणत्या ओळीला पाणी नाही ते बघायचं आणि मेन लाइन कुठे दबली ते ओळखायचं.

अनेर_काठ

अगदी तसंच.

खान्देशी_पुण्यात

वाचनखूण साठवली. रात्रीच्या भागाची वाट बघतोय.

पांझरा

कपाळाचं मी सांगतो, आमच्या घरी हे झालंय. सोपा नियम आहे: कपाळ हलत नसेल तर साधी नस, कपाळ हलत असेल आणि फक्त तोंड वाकडं असेल तर मेंदूचा झटका. ही तपासणी घराघरात शिकवली पाहिजे. आठ्या पडत नसतील तर उगाच रात्री धुळ्याला गाडी पळवायची गरज नाही, सकाळी जा निवांत.

फिजिओ_धुळे

पांझरादादा, नियमाचा पहिला भाग बरोबर, पण 'सकाळी जा निवांत' याला माझा ठाम विरोध. घरातल्या माणसाला, त्यातही रात्री, आठी अर्धी पडली की पूर्ण हे कळत नाही. वयस्कर बायकांच्या कपाळाला आधीच सुरकुत्या असतात. ज्यांनी बोटॉक्स घेतलं आहे त्यांचं कपाळ तसंही हलत नाही. अनेर_काठ सर बाकीचं सांगतीलच.

पांझरा

धुळ्यात बोटॉक्स?

फिजिओ_धुळे

घेतात हो, लग्नसराईच्या आधी बरेच जण. :)

मास्तर_पारोळा

निवृत्त विज्ञान शिक्षक. दहावीच्या पुस्तकात या नसांना कर्पर चेता म्हटलंय. कवटीतून १२ जोड्या, पाठीच्या कण्यातून ३१ जोड्या. मुलं आकडे पाठ करायची आणि परीक्षेनंतर विसरायची. मग मी एक तास त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर घ्यायचो.

डोळे मिटून हिंग ओळख, ही पहिली. फळ्यावरचं वाच, ही दुसरी. माझ्या बोटामागे नजर फिरव, इथे तिसरी, चौथी आणि सहावी तिघी मिळून काम करतात. चौथी सर्वात बारीक आणि मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूने निघणारी एकटीच. तिचं दुखणं झालं की माणसाला जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात. दात आवळून जबडा धर, पाचवी. गाल फुगव, सातवी. एका पायावर उभा राहा आणि मी कानाजवळ चुटकी वाजवतो ती ऐक, आठवी. घोट गिळ आणि 'आ' कर, नववी-दहावी. 'मला काय माहीत' म्हणताना खांदे उडवतोस ना, तसे उडव, अकरावी. आणि शेवटी जीभ काढून मास्तरला दाखव, बारावी. ही शेवटची परवानगी मिळाली की वर्ग डोक्यावर घ्यायची पोरं.

इतिहासही सांगायचो. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याने सातच जोड्या मोजल्या होत्या. आज आपण मोजतो त्या बारा जोड्या जर्मनीच्या सॉमरिंगने १७७८ मध्ये लावल्या. तेव्हा तो तेविशीचा होता. शाळेतल्या पोरांना हे वय सांगितलं की ती पुढे सरकून बसत.

गिरणामाई

गुरुजी, एक विचारू? कानात काडी घातली की मला ढास लागते. हे पण या बारांपैकीच?

मास्तर_पारोळा

दहावी, व्हेगस. ती घसा, स्वरयंत्र, हृदय करत मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागापर्यंत जाते. तिची एक छोटी फांदी कानाच्या नळीच्या कातडीलाही येते. तिथे काडी लागली की मेंदूला वाटतं घशात काही अडकलंय. आणि कानात काडी घालू नका, माय.

मिरची_पथारी

नंदुरबारहून. आमचं घर पथाऱ्यांच्या वाटेवर. हंगामात लाल मिरची वाळत पडली की पाहुणे शिंकून बेजार होतात.

करोनानंतर माझा वास पूर्ण गेला. उदबत्ती नाही, गॅस नाही, दूध करपलेलं कळायचं नाही. पण मिरचीच्या पथारीजवळून गेले की नाक तसंच झणझणायचं, शिंका यायच्या. घरचे म्हणायचे, मग वास येतो ना तुला! मी शपथेवर सांगायचे, येत नाही. आज मास्तरांची यादी वाचून विचारते, वास पहिल्या नसेचा, तर ही झणझण कुणाची?

अनेर_काठ

ताई, तुमचं बरोबर होतं. झणझण पाचवीची. पाचवी चेहरा, नाक, तोंड, डोळा या सगळ्यांची वेदना, स्पर्श आणि ऊन-गार मेंदूला कळवते. मिरचीतलं कॅप्सायसिन नसेच्या टोकावरच्या ज्या ग्राहीला चिकटतं, तोच ग्राही चटक्यालाही जागा होतो. म्हणून तिखट 'जळतं'. तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. तिखट ही चव नाहीच, ती जाळ आहे. करोनात नाकाच्या वरच्या भागातल्या, वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या पेशींना इजा होते. पाचवीची टोकं शाबूत राहतात.

अजून वास आला नसेल तर गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचा वास दिवसातून दोनदा, लक्ष देऊन घेत राहा. काही महिने लागतात, पण अनेकांना फायदा होतो. आणि गॅस कळत नसेल तर झोपताना सिलिंडरचा कॉक बंद करायची सवय ठेवा.

केळीबाग_रावेर

म्हणजे नव्या जावयाला भरीत-ठेच्याने घाम फुटून डोळ्यात पाणी आलं तर ते सासूने रडवलं नाही, पाचव्या नसेने रडवलं.

अनेर_काठ

रडवलं पाचवीने, पाणी काढलं सातवीने. सासूबाई निर्दोष.

भुसावळ_जंक्शन

पाचवीचा विषय निघालाच आहे तर माझ्या आईचं सांगते. तिला वरच्या जबड्यात वीज चमकल्यासारखी कळ यायची. काही सेकंदच, पण ती किंचाळायची. दात घासताना, वारा लागला की, कधी नुसतं बोलताना. सगळ्यांना दातच वाटला. दोन दाढा काढून झाल्या तरी कळ तशीच. मग एका मेंदूविकार तज्ज्ञांनी ऐकताक्षणी सांगितलं, ट्रायजेमिनल न्युराल्जिया. मेंदूच्या देठाजवळ एखादी रक्तवाहिनी पाचव्या नसेवर टेकून तिचं आवरण झिजवते. कार्बामाझेपिनच्या गोळ्यांनी आई पुन्हा भाकरी चावून खायला लागली.

कुणाच्या घरी अशी क्षणाची कळ असेल आणि दाताच्या फोटोत काही सापडत नसेल तर दाढ काढण्याआधी हा विचार नक्की करा. गोळ्या सुरू केल्यावर अंगावर पुरळ आलं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. रक्तातलं सोडियमही तपासायला सांगतात.

शहादे_शिवार

चांगला धागा. आमच्या पट्ट्यातलं एक सांगावंसं वाटतं. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सालदाराचा मुलगा सकाळी उठला तर पापण्या उघडेनात. पोट दुखत होतं, बोलणं जड. कुणीतरी म्हणालं, तोंडाचा लकवा. सुदैवाने त्याच्या मामाने ओळखलं, मण्यार. रात्री जमिनीवर झोपला होता. दातांच्या खुणा शोधूनही सापडल्या नाहीत. तालुक्याहून जिल्ह्याला नेलं, बरेच दिवस श्वासाच्या यंत्रावर होता, वाचला.

डॉक्टर, हेही याच नसांचं का?

अनेर_काठ

हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मण्यारीचं विष नस आणि स्नायू जिथे जुळतात त्या सांध्यावर काम करतं. नसेचा निरोप स्नायूला पोचत नाही. सुरुवात डोळ्यांपासून होते, मग गिळणं, बोलणं, मान आणि शेवटी श्वास.

फरक असा लक्षात ठेवा. पापणी उचलणं तिसऱ्या नसेचं काम, मिटणं सातवीचं. अमळनेरकरांच्या काकांचा डोळा मिटत नाही, तोही एकच. त्या मुलाचे दोन्ही डोळे उघडत नव्हते. दोन्ही पापण्या पडलेल्या, रात्री जमिनीवर झोपलेला, सकाळी पोटात दुखतंय, एवढं जुळलं तर खुणा शोधत बसू नका. १०८ ला फोन, हात-पाय न हलवता दवाखान्यात, चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. प्रतिसर्पविष सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

कपाशीवर फवारणी करणाऱ्यांनीही हे वाचावं. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत पहिला धोका टळल्यावर एक ते चार दिवसांत मान उचलता न येणं, गिळता न येणं सुरू होऊ शकतं. बरं वाटतंय म्हणून दवाखान्यातून लवकर घरी नेऊ नका.

खान्देशी_पुण्यात

मूळ धाग्यावर येतो. आजीचं वारं पूर्ण खोटं का? माझ्या ओळखीत दोघांना रात्रभर एसटीच्या खिडकीशी बसून आल्यावरच झालं होतं.

अनेर_काठ

गार वाऱ्याने हे होतं असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. जास्त पुरावा नागिणीच्या घराण्यातल्या विषाणूकडे बोट दाखवतो, ओठावर जर (बारीक फोड) उठवणाऱ्या. तो नसेत वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि कधीतरी जागा होतो. १९९६ मध्ये जपानमध्ये बेल्स पाल्सीच्या रुग्णांच्या नसेभोवतीच्या द्रवात तो सापडला होता. साखरेचा आजार आणि गरोदरपणाचे शेवटचे महिने यांत धोका वाढतो. कानात किंवा कानावर पाणीदार फोड असतील तर ती नागीणच, तिचे उपचार वेगळे आणि जास्त तातडीचे.

आजीने कान बांधले, काही बिघडत नाही. कान बांधून घरी बसवलं तर बिघडतं.

पांझरा

पण बाहेरगावच्या औषधाने लोक बरे होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अनेर_काठ

होतात. कोपनहेगनमध्ये २५ वर्षं अशा रुग्णांची नोंद ठेवली होती, कुणालाही औषध न देता. त्यातले ७१ टक्के आपोआप पूर्ण बरे झाले. म्हणजे दहा जणांना नुसतं पाणी मंतरून दिलं तरी सात जण गुण आला म्हणून नारळ घेऊन येणार. उरलेल्या तिघांसाठी आपली धडपड आहे. २००७ मध्ये स्कॉटलंडचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी ९४ टक्के पूर्ण बरे होते, ते न घेतलेल्यांत ८२ टक्के. हे तीन दिवस पथ्यपाण्यात गेले की परत येत नाहीत.

आता कपाळ. मेंदूचा उजवा भाग डाव्या चेहऱ्याला हुकूम देतो, डावा उजव्याला. पण कपाळाच्या स्नायूंना दोन्हीकडून हुकूम येतो. म्हणून मेंदूच्या एका बाजूला झटका आला तर चेहऱ्याचा खालचा भाग लुळा पडतो, पण कपाळ दुसऱ्या बाजूच्या जोरावर हलत राहतं. नस बोगद्यात आवळली गेली तर दोन्हीकडचे हुकूम तिथेच अडतात, कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं थांबतं. काकांच्या आठ्या पडल्या नाहीत म्हणून डॉक्टरांची काळजी कमी झाली ती यामुळे.

पांझरादादांच्या नियमाला छेद इथे जातो. सातवी नस जिथून निघते त्या मेंदूच्या देठातच झटका आला तरी कपाळ थांबतं. अशा वेळी बऱ्याचदा सोबत दोन-दोन दिसणं, तोल जाणं, हात-पाय जड होणं असतं, पण पहिल्या तासात ते घरच्यांच्या लक्षात येईलच असं नाही. मेंदूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी सीटी स्कॅन करून. आपल्या भागात स्कॅनपर्यंत पोचायलाच त्यातला किती वेळ जातो ते तोरणमाळ, धडगावकडच्या माणसाला विचारा. म्हणून तोंड वाकडं दिसलं, की कपाळ हलो वा न हलो, त्याच क्षणी निघायचं. आठ्या डॉक्टरांना मोजू द्या.

पांझरा

हे पटलं. आमच्या गावच्या ग्रुपवर हा शेवटचा परिच्छेद टाकू का?

अनेर_काठ

जरूर टाका.

फिजिओ_धुळे

व्यायामाचं दोन शब्द. बरेच रुग्ण दिवसभर च्युइंगगम चघळत येतात, नस सुधारेल म्हणून. चघळण्याचे स्नायू पाचवीचे, ते आधीपासून चांगलेच आहेत. त्याने सातवीला काही मिळत नाही. आरशासमोर बसून हळू, लहान हालचाली करा: भुवई उचलणं, नाक आक्रसणं, ओठ मिटून हलकं हसणं. जोर लावून चेहरा वेडावाकडा करू नका. नस परत वाढताना फांद्या चुकीच्या स्नायूला जाऊ शकतात, मग हसताना डोळा मिटतो किंवा जेवताना डोळ्यातून पाणी येतं. सौम्य आणि नेमका व्यायाम त्यासाठीच.

अमळनेरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरांची बारा नसांची तपासणी काल घरातल्या पोरांवर करून पाहिली, जीभ दाखवायच्या वेळी आजीही सामील झाली.

दोन शंका उरल्यात. गोळ्या सुरू झाल्यापासून काकांची साखर वर गेलीय. आणि किती दिवस वाट बघायची?

अनेर_काठ

स्टिरॉइडने साखर वाढतेच, विशेषतः दुपारनंतर. गोळ्या मनाने बंद करू नका, साखर मोजून वहीत लिहा आणि त्याच डॉक्टरांना दाखवा, ते साखरेचं औषध तेवढ्यापुरतं वाढवतील. सुधारणा बहुतेकांना तीन आठवड्यांत दिसू लागते. तीन महिन्यांनी अजिबात हालचाल नसेल, किंवा तोंड आठवड्यागणिक आणखी वाकडं होत असेल, दोन्ही बाजूंना झालं, पुन्हा झालं, कान वाहत असेल, तर एमआरआय आणि तज्ज्ञ लागतील. कातडीवर बधिर चट्टा असेल तर तोही दाखवा, कुष्ठरोगातही ही नस धरली जाते आणि त्याचे उपचार मोफत आहेत. डोळा लाल झाला किंवा दुखू लागला तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.